शिडाच्या फर्लरची दोरी बदलायची आहे : कोणती, किती जाड, किती लांब?

गोदावारा
नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरचा. आम्ही तिघा मित्रांनी मिळून तीन वर्षांपूर्वी एक जुनी २६ फुटी शिडाची होडी घेतली. ती मुंबई बंदरात नांगरलेली असते. ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री देवगिरी एक्सप्रेस पकडायची, शनिवार-रविवार पाण्यावर आणि सोमवारी पुन्हा कामावर, असा क्रम आहे.

होडीच्या पुढच्या शिडाला फर्लर आहे. त्याची दोरी १० मिमी जाड, आधीच्या मालकाच्या काळातली. रंग उडालाय, अंगावर लव आलीय, मिठानं काठीसारखी कडक झालीय. गेल्या शनिवारी दुपारी वारा अचानक वाढला आणि शीड गुंडाळताना दोरी अर्ध्यावर अडकली. अर्धं शीड उघडं, फडफड अशी की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. शेवटी एकजण सरपटत नाकाडापर्यंत गेला आणि हातानं ड्रममधला गुंता सोडवला. त्याच्या कमरेला पट्टा होता, पण माझे हात अजून थरथरतात ते आठवून.

दोरी बदलायचीच आहे. कोणत्या धाग्याची घ्यावी, किती जाडीची, किती मीटर? मराठवाड्यात शिडाची होडी असणारे फार नसतील, पण दोरीशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांनी सांगा.

बदनापूरची_मोसंबी
आधी फर्लर म्हणजे काय ते सांगा दादा. मी आयुष्यात शिडाची होडी पाहिली ती चित्रातच.

गोदावारा
@मोसंबीताई, दुकानाचं शटर डोळ्यासमोर आणा आणि ते उभं करा. होडीच्या नाकाडापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत एक तारेचा ताण असतो, फोरस्टे. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची लांब पन्हळ बसवलेली असते आणि शिडाची एक कड त्या पन्हळीत ओवलेली. पन्हळीच्या तळाशी एक रीळ, तोच ड्रम. ड्रमवर गुंडाळलेली दोरी मागं आमच्या बसायच्या जागेपर्यंत येते. ती ओढली की ड्रम फिरतो, पन्हळ फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. उलट शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याचे दोर ओढले की शीड उलगडतं आणि तेवढीच दोरी परत ड्रमवर चढते. म्हणजे शीड पूर्ण उघडं तेव्हा ड्रम भरलेला, शीड गुंडाळलेलं तेव्हा ड्रम जवळजवळ रिकामा.

लातूरचा_मामा
आमच्या गावाला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. त्याच मराठवाड्यात आज शिडाच्या दोरीवर धागा निघाला, मन भरून आलं राव. मला यातलं काही कळत नाही, पण मी इथंच बसलोय. चालू द्या.

काळीमाती
परभणी तालुक्यातून लिहायलोय. आमच्या बोअरला साडेपाचशे फुटावर मोटर हाय, तिला आधाराला नायलॉनची दोरी. मागल्या उन्हाळ्यात मोटर जळाली म्हणून वर काढली, तर सात वर्षं पाण्यात राहिलेली दोरी नव्यासारखी निघाली. पिवळी धम्मक. मोटर, पाइप, पाइपातलं पाणी, सगळ्याचं वजन झेलती ती. तुमच्या शिडाचं वजन असून असून किती असंल? डोळे झाकून नायलॉन घ्या. मोंढ्यात किलोवर मिळती.

एक गोष्ट खरी. बोअरच्या तोंडाबाहेर खांबाला बांधलेला हातभर तुकडा मात्र हातात चुरला. पावडर झाली त्याची.

नाथसागर_काठचा
काळीमाती भाऊ, तुम्ही प्रश्न विचारलाही आणि उत्तरही देऊन टाकलं. तुमची पिवळी दोरी नायलॉन नाहीच. ती पॉलिप्रॉपिलीन. आपल्याकडं प्लास्टिकच्या कुठल्याही दोरीला नायलॉन म्हणतात, दुकानदारही तेच म्हणतो. पॉलिप्रॉपिलीनला ऊन खातं. बोअरमध्ये अंधार, म्हणून सात वर्षं टिकली. बाहेरच्या हातभर तुकड्याला ऊन लागलं, त्याचा भुगा झाला. होडीची दोरी तर आठ महिने डेकवर उन्हातच पडलेली असणार.

मी पैठणला मासेमारी करतो, वडीलही तेच करायचे. जायकवाडीचं धरण १९७६ ला पुरं झालं तेव्हापासून आमच्या घराला नाथसागरानं जगवलंय. आम्ही पॉलिप्रॉपिलीन वापरतो ते जाळ्याच्या वरच्या दोराला, कारण ते पाण्यावर तरंगतं. तिथं तोच गुण लागतो. तुमच्या ड्रमवर तरंगण्याचा काय उपयोग?

आणि खरं नायलॉन घ्याल तर ते ताणतं. आम्ही तराफा किनाऱ्याला बांधायला नायलॉन वापरतो, कारण लाट आली की ते ताणून धक्का खातं आणि पुन्हा जागेवर येतं. गुंडाळलेलं शीड धरून ठेवायचं असेल तर ताणणारी दोरी कशी चालेल?

गोदावारा
@नाथसागर, अगदी तिथंच बोट ठेवलंत. वारा वाढला की आम्ही शीड पूर्ण गुंडाळत नाही, तिसरा हिस्सा गुंडाळून उरलेल्यावर चालतो. त्या वेळी शीड सतत उलगडायला बघतं आणि त्याला थांबवणारी ही एकच दोरी. ती ताणली तर शीड हळूहळू हवं त्याहून मोठं होतं, तेही नेमकं जोराच्या झुळकीत.

काळीमाती
हौ, हे पटलं. म्हणजे तीस वर्षं आम्ही नायलॉन नायलॉन म्हणायलोत ते भलतंच.

केकताड
आमच्या घरात दोर वळायचा धंदा होता. वडील, आजा, पणजा. आता मी शाळेत शिपाई आहे, पण बोटं विसरली नाहीत. नाव तिथूनच घेतलंय. केकताडाची पानं कापून पाण्यात कुजवायची, मग ठेचून, धुऊन वाख काढायचा. अंबाडीचाही तसाच. पोळ्याच्या आधी महिनाभर घरात झोप नसायची. गावच्या सगळ्या बैलांचे कासरे, दावी, म्होरक्या आमच्याच अंगणातून जायच्या.

तुमच्या होडीबद्दल मला माहिती नाही, पण पिळाच्या दोराबद्दल सांगतो. पीळ म्हणजे एक भांडण असतं. सूत एका अंगाला पिळायचं आणि पदर वळताना उलट्या अंगाला. दोघं एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणून दोर उभा राहतो. पण जोराचा ताण आला की तीन पदरी दोर थोडा उलगडतोच, म्हणून टांगलेलं वजन गोल फिरतं. ताण सुटला की तो पीळ परत अंगावर येतो आणि ढिला दोर स्वतःभोवती वळून फास खातो. विहिरीवर पोहरा ओढणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलंय. तुमच्या रिळात असा एक फास पडला की पुढचा वेढा त्याच्यात अडकणार.

म्हणून पिळाचा घेऊ नका, वेणीचा घ्या. वेणीत अर्धी सुतं उजवीकडं जातात, अर्धी डावीकडं, त्यामुळं ताणात तो फिरत नाही.

बदनापूरची_मोसंबी
केकताड दादा, "पीळ म्हणजे एक भांडण असतं" हे मी वहीत लिहून ठेवलं.

नांदेड_ते_नेरूळ
मूळ नांदेडचा, आता नवी मुंबईत. गेली नऊ वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर शर्यतीत हात देतो. सरळ सांगतो, डायनिमा घ्या, म्हणजे पॉलिथिलीनचा अतिमजबूत धागा. जवळजवळ ताणत नाही, जाडीच्या मानानं ताकद अफाट, पाणी पीत नाही. आतला गाभा डायनिमाचा, वर पॉलिएस्टरचं कव्हर अशी दोरी येते. ड्रमवर जाणाऱ्या भागाचं कव्हर सोलून टाकायचं, उरतो फक्त बारीक गाभा. ड्रमवर जागाच जागा. हातात येणाऱ्या भागाला कव्हर ठेवायचं म्हणजे पकड मिळते. एकदा केलं की दहा वर्षं बघायला नको.

सुकाणू_उदगीर
नौदलात बावीस वर्षं काढून आता उदगीरला स्थायिक. नांदेडकरांचं चूक नाही, पण २६ फुटी होडीला हे जास्त होतं. ८ मिमीची साधी पॉलिएस्टरची दुहेरी वेणीची दोरीसुद्धा दीड टनाच्या घरात तुटते. हातानं ओढायच्या दोरीवर तुम्ही किती जोर लावणार? चाळीस-पन्नास किलो. वाऱ्याच्या झटक्याचे आणखी काही धरा. ताकदीचा प्रश्नच नाही इथं. शिवाय डायनिमा गुळगुळीत असतं; क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंट्यात, घसरतं, गाठ धरत नाही, त्याला टोकाला नीट गुंफण करावी लागते.

पण गोदावारा, मला दोरीच्या आधीची गोष्ट विचारायची आहे. दोरीच दोषी आहे हे तुम्ही ठरवलं कशावरून? नवी दोरी आणून जुनाच आजार राहिला असं मी खूपदा पाहिलंय. पुढच्या वेळी गेलात की वारा नसताना सकाळी दोरी पूर्ण सैल सोडा आणि ड्रम दोन्ही हातांनी फिरवून बघा. सहज फिरला तर बेअरिंग ठीक. जड गेला तर आधी तळाचं आणि वरच्या स्विव्हलचं, म्हणजे शिडाच्या वरच्या टोकाच्या फिरत्या जोडाचं, बेअरिंग गोड्या पाण्यानं धुवा. मीठ बसलेलं असतं.

मग मान वर करून डोलकाठीच्या टोकाकडं दुर्बिणीनं बघा. शीड वर चढवणारा दोर, हॅलयार्ड, फोरस्टेपासून थोडा फाकून मागं जायला हवा. तो फोरस्टेला समांतर चिकटून असेल तर गुंडाळताना स्विव्हलबरोबर तोही ताराला वेटोळे घालतो. अशा वेळी दोरी ओढून ओढून माणूस थकतो आणि विंचला, म्हणजे दोर ओढायच्या हँडलच्या चक्राला, लावतो. ते कधीही करू नका. विंचला कळत नाही की काय अडलंय. ती पन्हळ पिरगाळते, नाहीतर तार तोडते, आणि तार तुटली तर डोलकाठी डोक्यावर.

तिसरं, ड्रममधून निघालेल्या दोरीची पहिली कप्पी. दोरी ड्रमच्या मधोमध, फोरस्टेशी काटकोनात आत शिरली पाहिजे. तिरकी शिरली तर वेढे एकाच अंगाला ढीग होऊन पडतात, ढीग कोसळतो आणि वरचा वेढा खालच्याखाली जातो.

आणि शेवटचं विचारतो, राग मानू नका. शीड उघडताना दोरी हातात धरता की सोडून देता?

गोदावारा
सोडून देतो, काका. शीड भर्रकन उघडतं, बरं वाटतं बघायला.

सुकाणू_उदगीर
मग निम्मा आजार तिथंच आहे. शीड भर्रकन उघडतं तेव्हा ड्रम भर्रकन फिरतो आणि दोरी ढिली चढते. ढिल्या वेढ्यांवर नंतर ताण आला की वरचे वेढे खालच्यात रुततात. उघडताना दोरी हातात धरायची, हलका ताण ठेवून सोडत जायची. पतंगाची चक्री गुंडाळताना मांजाला बोटाचा दाब देतो ना, तसं.

लातूरचा_मामा
पतंगाचं म्हणालात आणि हे सगळं एकदम डोक्यात उतरलं.

नांदेड_ते_नेरूळ
काकांचं सगळं मान्य. कप्पीचं तर शंभर टक्के. डायनिमाबद्दल मात्र मी ठाम आहे. आज २६ फूट, उद्या ३६ फूट घेतील, गोव्यापर्यंत जातील. तिथं रात्री अर्धं गुंडाळलेलं शीड तासन्‌तास धरून ठेवायचं असतं. तेव्हा ताण न खाणारी दोरी म्हणजे झोप.

सुकाणू_उदगीर
३६ फुटी घेतील तेव्हा मीच सांगेन डायनिमा घ्या.

रसायन_अंबाजोगाई
मी रसायनशास्त्र शिकवते. दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणतो हे वर आलंय, तर घरी ओळखायची रीत देते. वर्गात मुलांकडून करून घेते, ती हटकून यशस्वी होते.

दोरीचा बोटभर तुकडा कापा. दुहेरी वेणीची असेल तर कव्हर आणि गाभा वेगळे करा, कारण दोन्ही एकाच धाग्याचे असतीलच असं नाही. साध्या पाण्यात बुडवून बोटांनी दाबून आतली हवा काढून टाका. ही पायरी चुकली की सगळं चुकतं. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, त्याची घनता ०.९१. डायनिमाही तरंगतं, ०.९७, पण ते बोटांना मेणासारखं बुळबुळीत लागतं आणि साध्या कात्रीनं कापताना जीव घेतं. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

आता एक लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ ढवळून विरघळवा. या पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. नायलॉन १.१४ चं, ते या मिठवणीत वर येतं. पॉलिएस्टर १.३८ चं, ते तळाशीच राहतं. एवढ्यावर निकाल.

जाळूनही कळतं. पॉलिप्रॉपिलीनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, पॉलिएस्टर काळा धूर सोडतं. पण वितळलेला थेंब हाताला चिकटून भाजतो, म्हणून मी मिठाचीच रीत सांगते.

केकताड दादांच्या आजोबांच्या उमेदीत यातलं काहीच नव्हतं. नायलॉन अमेरिकेत १९३५ चं, पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ चा. त्याआधी जगातल्या सगळ्या जहाजांची शिडं वाख, ताग, कापूस, काथ्या असल्याच धाग्यांवर चढली आणि उतरली.

काळीमाती
मॅडम, आत्ताच करून बगितलं. बैलाच्या कासऱ्याचा तुकडा, ट्रॅक्टरची दोरी आन् बोअरची. तिन्ही साध्या पाण्यावरच तरंगायल्या! घरात एक बी नायलॉन नाही. बायको म्हणायली, पाच किलो मिठाची पिशवी कशाला उघडली मग.

रसायन_अंबाजोगाई
😀 वहिनींना सांगा, लोणच्याला येईल कामी.

बदनापूरची_मोसंबी
मी जालन्याला एका वर्कशॉपमध्ये डिझाइनचं काम करते, त्यामुळे ड्रम हा माझ्या ओळखीचा प्राणी निघाला. दादा, मापं द्या : ड्रमच्या आतल्या गाभ्याचा व्यास, बाहेरच्या कडेचा व्यास, दोन चकत्यांमधलं अंतर, शिडाची खालची कड किती लांब, गुंडाळलेल्या शिडाची जाडी आणि ड्रमपासून तुमच्या हातापर्यंतचं अंतर.

गोदावारा
फोटो आणि जुन्या नोंदींवरून देतो. गाभा ७ सेंमी, कड १७ सेंमी, मधलं अंतर ४.५ सेंमी. शिडाची खालची कड ३.६ मीटर. गुंडाळी वर-खाली कमीजास्त आहे, सरासरी ८ सेंमी धरा. ड्रम ते क्लीट ७ मीटर.

बदनापूरची_मोसंबी
आता बघा. ८ सेंमीच्या गुंडाळीचा घेर साधारण २५ सेंमी. ३.६ मीटर शीड गुंडाळायला साडेचौदा फेरे. गुंडाळल्यावर कोपऱ्याचे दोरही शिडाभोवती दोन-तीन वेटोळे घेतात असं तुम्ही मला वेगळं कळवलं होतं, ते ३. आणि एवढं होऊनही ड्रमवर ३ वेढे शिल्लक हवेत, नाहीतर सगळा जोर टोकाच्या गाठीवर येईल. म्हणजे शीड पूर्ण उघडं असताना ड्रमला २१ वेढे पोटात घ्यावे लागतात.

ड्रमच्या पोटाचा छेद : गाभ्यापासून कडेपर्यंत ५ सेंमी, उंची ४.५, म्हणजे साडेबावीस चौरस सेंमी. १० मिमीची दोरी एका वेढ्याला एक चौरस सेंमी खाते. अगदी एकाला एक लावून रचली तरी २२ वेढे. पण ड्रमवर दोरी रचली जात नाही, ती पडते. कारखान्यातल्या रिळांच्या अनुभवावरून मी दोन तृतीयांश धरते, म्हणजे १५.

लागतात २१, मावतात १५. तुमची दोरी नवी होती तेव्हासुद्धा ती या ड्रमवर मावत नव्हती! कोणी तरी हाताला बरी म्हणून जाड घातली.

८ मिमीला हाच हिशोब केला तर पूर्ण ३५, प्रत्यक्षात २३. बसतं. ६ मिमीला ४१, ऐसपैस. पण ६ मिमी ओढताना हात कापेल असं वाटतं.

लांबी : ड्रमच्या मधल्या घेराला ३८ सेंमी, गुणिले २१, म्हणजे ८ मीटर. डेकवरचे ७, हातात शेपूट २. झाले १७. अठरा घ्या.

सुकाणू_उदगीर
ताई, या हिशोबाला सलाम. मी आयुष्यभर अंदाजानं सांगत आलो.

नांदेड_ते_नेरूळ
मानलं. आणि २१ ला २३ म्हणजे अगदी काठावर. पॉलिएस्टरच घेणार असाल तर निदान ड्रमवर जाणाऱ्या सात मीटरमधला गाभा उपसून काढा. नुसतं कव्हर राहतं, ते चपटं पडतं, जागा वाचते. ताकद निम्मी झाली तरी गरजेपेक्षा कितीतरी जास्त. आणि सातच मीटर काढलात तर शीड पूर्ण गुंडाळल्यावरही पोकळ भाग डेकवरच संपतो, हातात भरीव दोरी येते.

केकताड
मोटेचं आठवलं म्हणून लिहितो, विषय सोडून आहे. आमच्या आजोळी १९७० च्या पुढंपर्यंत मोट चालायची. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, वरच्या चाकावरून जाणारा. तो सगळं वजन ओढायचा. बारीक तो सोंदूर, खालच्या कण्यावरून, मोटेच्या सोंडेला बांधलेला. बैल धावेवरून उतरायला लागले की दोन्ही बरोबर यायचे आणि सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची. दोन्हींच्या लांबीत वितीचा फरक पडला तरी पाणी परत विहिरीत.

नाडा एकाच जागी झिजायचा, बैल जोर लावतात त्या क्षणी चाकावर जो हातभर भाग यायचा तिथंच. म्हणून माझा आजा दर काही महिन्यांनी नाडा सोडून टोकं उलटी करून बांधायचा. झिजलेला भाग बिनजोराच्या जागी जायचा आणि नाडा दुप्पट चालायचा. तुमच्या दोरीचं असं करता येतं का?

लातूरचा_मामा
विषय सोडून कुठं आहे हे? मला तर सगळ्यात जवळचं वाटलं.

गोदावारा
केकताड दादा, तुमच्या आजोबांनी माझा निर्णय केला. गाभा उपसला की ती दोरी एकतर्फी होते, तिचं पुढचं टोक कायमचं पुढचंच. भरीव ठेवली तर दोन-तीन वर्षांनी उलटी करता येईल : उन्हात आणि क्लीटमध्ये झिजलेला भाग ड्रमच्या पोटात आणि ड्रममधला बाहेर. २३ वेढे मावतायत, तर मी ८ मिमी पॉलिएस्टर, दुहेरी वेणी, अखंडच घेतो. मावली नाही तर गाभा नंतरही काढता येतो. काढलेला परत घालता येत नाही.

नांदेड_ते_नेरूळ
हा मुद्दा मला सुचला नव्हता. घ्या अखंड.

सुकाणू_उदगीर
बरोबर. चकचकीत घेऊ नका, खरखरीत अंगाची घ्या, ओल्या हाताला धरते. आणि जुनी काढताना नुसती ओढून टाकू नका. जुनीचं शेपूट आणि नवीचं तोंड टोकाला टोक लावून जाड दोऱ्यानं शिवा, वर पातळ टेप, आणि जुनी ओढत नवी सगळ्या कप्प्यांतून नेऊन ड्रमपर्यंत आणा. ड्रमवर कोणत्या दिशेनं वेढे आहेत त्याचा फोटो आधी काढा. दिशा उलटी झाली तर शीड उलट्या अंगानं गुंडाळतं आणि उन्हापासून वाचवायला कडेला शिवलेला पट्टा आत जातो, कोरं कापड उन्हात.

नाथसागर_काठचा
एक माझ्याकडून. धुवायला घरी आणाल तर बोअरच्या पाण्यात भिजवू नका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके की मीठ निघून चुना बसेल. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्यात घाला.

गोदावारा
तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळं सांगतो.

आधी दोरीचं. मुंबईतल्या एका दुकानात "अस्सल पॉलिएस्टर" म्हणून दिलेला तुकडा घरी आणून मॅडमच्या रीतीनं पाहिला. कव्हर बुडालं, गाभा साध्या पाण्यावर तरंगला. आत पॉलिप्रॉपिलीन भरलेलं होतं. ती घेतली नाही. दुसरीकडचा तुकडा, कव्हर आणि गाभा दोन्ही, मिठवणीच्या तळाशी जाऊन बसले. तीच १८ मीटर घेतली.

शनिवारी सकाळी वारा नव्हता तेव्हा काकांनी सांगितलेलं सगळं केलं. ड्रम हातानं सहज फिरला. वर दुर्बिणीनं पाहिलं, हॅलयार्ड नीट फाकून जात होता. पण पहिली कप्पी! ती डेकला इतकी लागून होती की दोरी ड्रममध्ये खालून तिरकी शिरत होती. सगळे वेढे खालच्या चकतीवर ढीग. कप्पी चार बोटं वर घेतली, तेव्हा दोरी मधोमध आली. जुनीला नवी शिवून ओढली, एकदाही अडली नाही. शीड उघडताना दोरी हातात धरून सोडली आणि मग पुढं जाऊन वेढे मोजले. वीस आणि थोडं. कडेपर्यंत बोटभर जागा शिल्लक होती, मोसंबीताई.

दुपारी वारा चौदा नॉटवर, म्हणजे ताशी २६ किलोमीटरच्या घरात गेला. माझ्या मित्रानं, तोच जो त्या दिवशी सरपटत पुढं गेला होता, बसल्या जागेवरून एका हातानं शीड गुंडाळलं. कोणीच बोललं नाही काही वेळ.

बदनापूरची_मोसंबी
वीस आणि थोडं!! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

केकताड
लई बरं वाटलं. उलटी करायची तारीख कुठं तरी लिहून ठेवा.

गोदावारा
होडीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलीय दादा, "आजोबांच्या नाड्याप्रमाणे" असं.

काळीमाती
जुनी दोरी फेकली का हाय? अठरा-वीस मीटर असंल. पंचमीला पोरींना लिंबाला झोका बांधायला मागायलोय.

नाथसागर_काठचा
झोक्याला नको भाऊ. उन्हानं आणि मिठानं आतून किती गेलीय ते वरून दिसत नाही. माणसाचा भार तिच्यावर नको. झोक्याला नवी घ्या.

काळीमाती
बरं. मग कडब्याच्या गंजीवर ताडपत्री बांधायला चालंल?

गोदावारा
चालेल. पुढच्या रविवारी परभणीला येतोय, घेऊन येतो.